कॅप पडली, पण तुटली नाही

गुहागर तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका गावातून आलेलं हे पत्र. लिहिणाऱ्या ताई पन्नाशीच्या आहेत, घरगुती खानावळ चालवतात, सुट्टीत येणाऱ्या पर्यटकांना दोन खोल्याही देतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनाल झालं आणि वर झिरकोनियाची कॅप बसली. बसवल्यावर ती उंच लागत होती, म्हणून डॉक्टरांनी तोंडातच घासून दिली. काही महिन्यांनी आंबापोळी खाताना कॅप अख्खी निघून आली. डॉक्टरांनी त्याच दिवशी परत बसवली, ती पुन्हा निघाली. मग यजमानांनी फेव्हिक्विकने चिकटवून पाहिली, ती दोन दिवस टिकली. आता कॅप डबीत आहे. समोरची वरची दाढ सोलकढी पिताना शिवशिवते, ते वेगळंच.

मुलाचं म्हणणं, इथल्या डॉक्टरने हलका माल वापरला. डोंबिवलीच्या जाऊबाईंच्या कॅपला पंधरा वर्षांची गॅरंटी आहे, कार्डासकट. तेव्हा गणपतीनंतर आईला मुंबईला न्यायचं आणि ‘चांगल्या मटेरियलची’ नवी कॅप करायची. अडचण अशी की डॉक्टर यजमानांच्या मित्राचा मुलगा, लहानपणापासून घरात वावरलेला. विचारलं तर संशय घेतल्यासारखं होईल, न विचारता मुंबई गाठली तर गावभर चर्चा. दिवाळीनंतर मुलीचा साखरपुडा आहे, म्हणून आठ वर्षांपूर्वीची पुढच्या दाताची कॅपही जाता जाता बदलून घ्यावी का, असाही विचार आहे. पत्राच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात: ‘मी सकाळी मशेरी लावते. डॉक्टरला सांगितलेलं नाही. त्यामुळे तर होत नसेल?’

त्यांचा प्रश्न एका ओळीचा आहे: पडणार नाही असं मटेरियल कुठलं?

ताई,

मुलाच्या म्हणण्यापासून सुरुवात करते, कारण घरात सध्या त्याचंच चाललेलं दिसतंय. माल हलका असता तर कॅप तडकली असती, कडेचा टवका उडाला असता, नाहीतर चावताना कटकन दोन तुकडे होऊन हातात आले असते. तुमची कॅप दोन्ही वेळा अख्खी निघाली आणि आजही अख्खी आहे. दातांच्या कामात वापरतात त्या सिरॅमिकमध्ये झिरकोनिया सगळ्यात कणखर. वाकवून मोडायला किती ताण लागतो ते मेगापास्कलमध्ये मोजतात. जुन्या पद्धतीचं साधं पोर्सेलिन ६० ते १०० मध्ये मोडतं, ई-मॅक्स नावाने ओळखलं जाणारं लिथियम डायसिलिकेट ४०० च्या आसपास, आणि दाढांना वापरतात तो नेहमीचा झिरकोनिया ९०० ते १२०० पर्यंत तग धरतो. आंबापोळीची त्याच्यापुढे काय मिजास!

मग पडली का? ‘टिकाऊ’ म्हणताना आपण दोन गोष्टी एक करून टाकतो. न मोडणं वेगळं आणि न सुटणं वेगळं. न मोडणं हे मालाच्या अंगात असतं, ते लॅबमधूनच येतं. न सुटणं ठरतं तुम्ही खुर्चीवर असताना, शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत. कॅपची आतली बाजू आणि दाताची बाहेरची बाजू सिमेंट लावण्याआधी कशी तयार केली, यावर ते अवलंबून असतं. त्यातही गंमत अशी की माल जितका कणखर, तितकं त्याला चिकटवणं अवघड. पेशंटला हे सहसा कुणी सांगत नाही. ‘मटेरियल’ दाखवता येतं, त्याचं कार्ड देता येतं, त्याचा भाव लावता येतो. तयारीचं काय दाखवणार?

तुमच्या खिडकीचं ग्रील आठवा. खाऱ्या हवेत त्यावर गंज चढलेला असताना रंगारी वरूनच ब्रश फिरवून गेला, तर कितीही भारी रंग असो, पुढच्या पावसात पापुद्रे सुटतात. आधी घासून, पुसून, प्रायमर मारला असेल तर साधा रंगही कितीतरी पावसाळे काढतो. दातांच्या शास्त्राने हा धडा खरोखरच रंगकामातून घेतलाय. कारखान्यात धातूवर रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक ॲसिड लावतात, हे मायकेल बुओनोकोर या अमेरिकन संशोधकाच्या डोक्यात होतं. त्याने तेच ॲसिड दाताच्या एनॅमलवर, म्हणजे बाहेरच्या कडक थरावर, लावून पाहिलं आणि १९५५ मध्ये निष्कर्ष छापले: ॲसिडने किंचित खरखरीत झालेल्या एनॅमलला रेझिन (प्लास्टिकसारखं घट्ट होणारं द्रव्य) कितीतरी जास्त काळ धरून राहतं. आज दातावर काहीही चिकटवायचं म्हटलं की डॉक्टर आधी निळं जेल लावून धुतात ना, त्याचं मूळ हे.

ही झाली दाताची बाजू. सिरॅमिकच्या बाजूचं कोडं उशिरा सुटलं. डेट्रॉईटच्या चार्ल्स लँड यांनी १९०३ च्या सुमारास पोर्सेलिनची जॅकेट कॅप आणली होती (विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडणाऱ्या लिंडबर्गचे हे आजोबा, घराण्यातच धाडस असावं), पण ती साध्या सिमेंटने नुसती बसवलेली असे आणि पटकन फुटे. १९८३ मध्ये सिमनसन आणि कलामिया यांनी पोर्सेलिनच्या आतल्या बाजूला हायड्रोफ्लोरिक ॲसिड लावून दाखवलं. हे ॲसिड पोर्सेलिनमधली काच खातं आणि सूक्ष्म खड्डे पडतात. त्यावर सिलेन नावाचं द्रव्य लावलं की ते एका हाताने काचेला आणि दुसऱ्या हाताने रेझिन सिमेंटला धरतं. असं एकजीव बसलेलं पातळ पोर्सेलिनही मग सहजी फुटत नाही, कारण पाठीमागे दात उभा असतो. दातांवर बसवायच्या नखाएवढ्या पातळ व्हिनिअरचा सगळा धंदा या शोधावर उभा आहे.

तुमच्या पुढच्या दाताची कॅप बहुधा याच जातीची असणार. तिची आठ वर्षांची तब्येत पाहता कुणीतरी तेव्हा घाई न करता काम केलंय. या कामात घाई नडते आणि अतिउत्साहही नडतो. लिथियम डायसिलिकेटला ५ टक्क्यांचं हायड्रोफ्लोरिक ॲसिड साधारण २० सेकंद पुरतं. साध्या पोर्सेलिनला जास्त वेळ लागतो. ‘अजून थोडं ठेवू, म्हणजे जास्त पक्कं होईल’ असं म्हणून वेळ वाढवला तर खड्डे खोल होतात आणि सिरॅमिकच कमकुवत पडतं. सिलेनची बाटली जुनी होऊन गढूळ झाली असेल तर तिचा उपयोग संपलेला असतो. हे सगळं हातावर मोजण्याइतक्या मिनिटांचं काम, पण त्यावर पुढची कित्येक वर्षं ठरतात.

आता तुमची दाढ. हायड्रोफ्लोरिक ॲसिडला खायला काच लागते आणि झिरकोनियात काचच नाही. ॲसिड लावा, धुवा, पुन्हा लावा, तो जसाच्या तसा गुळगुळीत. म्हणून त्याची रीत निराळी. आतल्या बाजूवर ॲल्युमिनाच्या बारीक पुडीचा, साधारण ५० मायक्रॉनची, बेताच्या दाबाने हवेतून मारा करतात. आमच्या भाषेत सँडब्लास्टिंग. मग एमडीपी नावाचं रसायन असलेला प्रायमर लावतात. हे रसायन जपानच्या कुरारे कंपनीने १९८१ मध्ये तयार केलं. त्याच्या एका टोकाला फॉस्फेट असतं, ते झिरकोनियाला जाऊन धरतं. दुसरं टोक रेझिन सिमेंटमध्ये मिसळतं. मारा, प्रायमर, रेझिन सिमेंट. यातली एक पायरी गाळली की दुसरीचा भरवसा राहत नाही. इथेही दाब वाढवून चालत नाही. पुढच्या दातांसाठी जो जास्त पारदर्शक झिरकोनिया निघालाय, तो तर जोरदार माऱ्याने आतून दुबळा होऊ शकतो.

तुम्ही म्हणाल, लॅबवाले मारा करूनच पाठवत असतील की. असतीलही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी माप घेऊन पार्सल कोल्हापूरला, पुण्याला नाहीतर मुंबईला जातं आणि तयार कॅप तशीच पार्सलने येते. लॅबमधून निघताना तिची आतली बाजू स्वच्छ असते. मग डॉक्टर ती तुमच्या दाढेवर घालून बघतात: कड बसते का, शेजारच्या दाताला टेकते का, उंच लागते का. हे केलंच पाहिजे. पण त्या वेळी आतल्या बाजूला तुमची लाळ लागते, कधी हिरडीतून आलेलं रक्तही लागतं. आणि लाळेतही फॉस्फेट असतात! ज्या जागा एमडीपीच्या फॉस्फेटने धरायच्या, त्या लाळेतल्या फॉस्फेटने आधीच अडवलेल्या असतात. नुसत्या पाण्याने धुवून, हवा मारून कोरडी केलेली कॅप दिसायला लख्ख असते, पण रसायनाच्या दृष्टीने ती खराब झालेली असते.

याहून मोठा चकवा पुढे आहे. ई-मॅक्सची कॅप घालून बघितल्यावर आतून साफ करायला फॉस्फोरिक ॲसिडचं जेल चालतं, म्हणून अनेक हातांना ती सवय लागलेली असते. झिरकोनियावर तेच जेल लावलं तर आणखी फॉस्फेटची भर पडते आणि पकड आणखी घटते. एकाला जे औषध तेच दुसऱ्याला बाधतं. झिरकोनियाला घालून बघितल्यानंतर पुन्हा हलका मारा करावा, किंवा त्यासाठी मिळणारं खास सफाईचं द्रव्य वापरावं. वेळ जास्त लागत नाही, लागतं ते भान.

तुमच्या बाबतीत नेमकं कुठे बिनसलं ते मला इथे बसून सांगता येणार नाही, पण कॅपला आणि दाढेला सांगता येईल. कुणाचीही कॅप पडली तर डॉक्टरने आधी पाहायची गोष्ट ही की सिमेंट कुणीकडे राहिलंय. कॅपची आतली बाजू साफ आणि सगळं सिमेंट दाढेवर, तर सिरॅमिकची तयारी कमी पडली. दाढ साफ आणि सिमेंट सगळं कॅपमध्ये, तर गडबड दाढेच्या बाजूला. दोन्हीकडे थोडं थोडं असेल तर सिमेंटच नीट पिकलं नव्हतं, शिळं होतं, किंवा ते घट्ट व्हायच्या आधीच कुणीतरी त्यावर सुपारी फोडली. आणि कॅपमध्ये दाताचा तुकडा किंवा आतल्या फिलिंगचा गोळाच अडकलेला असेल, तर मामला वेगळा. तेव्हा सुटलाय तो जोड दाढेच्या आतला, आणि तीच कॅप परत परत चिकटवणं म्हणजे निव्वळ वेळ काढणं.

फेव्हिक्विकने या पुराव्याचा थोडा चुथडा केलाय. यजमानांवर रागवू नका, हा उद्योग घरोघरी होतो. पण हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी सांगते: तो गोंद तोंडातल्या ओल्या, नाजूक कातडीसाठी नाही, हिरडीला भाजल्यासारखं होऊ शकतं, कॅप तिरकी बसली तर समोरच्या दातावर भार येतो, आणि आतल्या बाजूला बसलेला त्याचा पापुद्रा पुढच्या तयारीच्या आड येतो. तुमच्या कॅपमधला पापुद्रा काढता येईल, फक्त तो तिथे आहे हे डॉक्टरला सांगा. कॅप पडली की पाण्याने धुवावी, आतून सुईने-पिनेने खरवडू नये, कोरड्या डबीत ठेवावी. सैल कॅप तोंडात ठेवून झोपू तर मुळीच नये, ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

दाढेच्या बाजूचं बोलू. खालच्या दाढा मुळात बुटक्या असतात, त्यात रूट कॅनालच्या दाढेचा माथा किडीने आणि कोरण्याने आधीच खचलेला. कॅपला धरायला दाढेची उंची किमान ४ मिलिमीटरच्या आसपास हवी आणि भिंती फार निमुळत्या नकोत. तशी दाढ मिळाली तर साध्या ग्लास आयोनोमर सिमेंटवरही झिरकोनियाची कॅप वर्षानुवर्षं राहते, एमडीपीचं नाव काढायची गरज पडत नाही. पण ठेंगण्या, उतरत्या दाढेवर आकाराचा आधार नसतो, तिथे सगळा भार चिकटण्यावर येतो आणि मग तयारीतली बारीक चूकही भोवते. माझा अंदाज विचाराल तर तुमची दाढ या दुसऱ्या जातीची असावी. तसं असेल तर मुंबईत केलेली नवी कॅपही त्याच दाढेवर बसणार आहे, हे मुलाला सांगा. इलाज असतात: आतलं फिलिंग नव्याने बांधता येतं, भिंतीत खाच घेऊन पकड वाढवता येते, हिरडी थोडी खाली घेऊन उंची मिळवता येते. कुठला लागू, ते एक्स-रे पाहून ठरेल. एक्स-रे नाहीतरी हवाच, कारण रूट कॅनाल झालेली दाढ सहसा ठणकत नाही आणि कॅपखाली कीड लागली तरी कळत नाही.

एक बारीक गोष्ट आठवून पाहा. कायमची कॅप येईपर्यंत तात्पुरतं काही लावलं होतं का आणि त्याला लवंगेच्या तेलासारखा वास होता का? त्यातलं युजेनॉल दाढेवर उरलं तर रेझिन सिमेंट नीट घट्ट होत नाही. म्हणून आधी दाढ प्युमिसने, म्हणजे बारीक दगडी पुडीने, घासून स्वच्छ करावी लागते. आणि आपल्याकडच्या जुलै महिन्याची म्हणून एक गोष्ट: कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलं की दात कोरडा करायला मारलेल्या हवेतूनच बारीक तुषार येतात. काळजीवाला डॉक्टर आधी ती हवा आरशावर मारून पाहतो. आरशावर डाग उमटला तर टाकी रिकामी करेपर्यंत कॅप बसवत नाही. हे मुंबईच्या एसी दवाखान्यातही होतं, पण आपल्याकडे पावसात जरा जास्तच.

मशेरीबद्दल तुम्ही शेवटी लिहिलंत, पण मी ते शेवटाला ढकलत नाही. मशेरीने कॅपचं सिमेंट विरघळत नाही, तो धसका घेऊ नका. पण मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने हिरड्या बिघडतात, खाली सरकतात. सुजलेली हिरडी कॅप बसवताना झिरपत राहते, आणि दाढ कोरडी ठेवता आली नाही की पुढचं सगळं व्यर्थ. डॉक्टरला माहीत असतं तर त्याने आधी हिरड्या बऱ्या केल्या असत्या, मग माप घेतलं असतं. हे झालं कॅपपुरतं. तोंडाच्या कॅन्सरचा धोका त्याहून मोठा आहे, म्हणून पुढच्या भेटीत गालाच्या आतून, ओठाखालून, जिभेखालून नीट तपासून घ्या. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम काही आहे का ते पाहू दे. ज्याला आपण काका-काकूंच्या नात्यात वाढवलं त्याला मशेरीचं सांगायची लाज वाटते, समजू शकते. पण कोकणात दवाखाना चालवणाऱ्याने मशेरी पाहिली नाही असं होणं शक्य नाही. तुमच्या दातांवरून त्याला अंदाज आलाही असेल आणि तोही तुमच्यासारखाच गप्प बसला असेल. सोडायला मदत हवी तर सरकारची १८००-११-२३५६ ही फुकट फोनसेवा आहे.

आता उंच लागली म्हणून घासली त्याविषयी. घासणं चूक नाही, घासून तसंच सोडणं चूक. झिरकोनिया कडक आहे म्हणून समोरचा दात झिजवतो असा समज आहे. खरं तर आरशासारखा पॉलिश केलेला झिरकोनिया समोरच्या एनॅमलशी बराच सभ्य वागतो, लॅबने वरून चढवलेल्या चकाकीपेक्षाही. ती ग्लेझची चकाकी चावता चावता झिजते आणि खालचा खरखरीतपणा उघडा पडतो. मात्र डायमंड बर, म्हणजे हिऱ्याची कणी लावलेलं घासायचं टोक, फिरवून तसाच ठेवलेला पृष्ठभाग कानशीसारखं काम करतो. तुमची वरची दाढ सोलकढीने शिवशिवते त्यामागे हे असू शकतं. तिला वेगळी कीड आहे का तेही बघायला हवं. शिवाय पाण्याच्या फवाऱ्याशिवाय कोरडं घासलं तर उष्णतेने सिरॅमिकमध्ये बारीक चिरा पडू शकतात, त्या आज दिसत नाहीत. सध्या कॅप हातातच आहे, तर वरचा भाग बोटाच्या नखाने चाचपून पाहा. खरखर लागली तर बसवण्याआधी तोंडाबाहेरच पॉलिश करून घ्या. बसवल्यानंतर पुन्हा थोडं घासावं लागलं तर सिरॅमिकसाठीच्या हिरकणीच्या पुडीच्या रबराने पॉलिश केल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. जिभेला जे गुळगुळीत लागत नाही ते गुळगुळीत झालेलं नसतं.

मुंबई की गाव, याकडे येते. जाऊबाईंचं कार्ड एकदा मागवून वाचा. अशी कार्डं बहुतेक लॅबची किंवा माल बनवणाऱ्या कंपनीची असतात, आणि हमी असते ती कॅप मोडली तर बदलून देण्याची. निघून आली तर काय, याबद्दल त्यावर सहसा एक अक्षर नसतं. तुमची तक्रार तर नेमकी तीच आहे. मुंबईत उत्तम हात आहेत, वादच नाही. पण दाढेचं माप एका दिवसात, बसवणं दुसऱ्या खेपेला, उंच लागली तर तिसरी खेप, आणि खानावळ इथे. मुलाच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, सामान बांधून, रात्रीच्या गाडीआधी बसवून घेतलेल्या कॅपची काय तयारी होणार, तुम्हीच सांगा. दुसरं मत हवंच असेल तर खेडला डेंटल कॉलेज आहे, तिथे कॅप-कवळीचा वेगळा विभाग असतो. मुलगा मुंबईतच तपासू म्हणत असेल तर नायरचं डेंटल कॉलेज आहे. तिथे जाताना डॉक्टरला सांगून, एक्स-रे सोबत घेऊन जा. दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्याचा अपमान, हा समज पेशंटचाच जास्त असतो. आम्ही डॉक्टर स्वतःच्या आईवडिलांसाठी दहा ठिकाणी विचारतो.

पण माझ्या मते त्याआधी एकदा गावातल्या त्या डॉक्टरकडेच जायला हवं. तुम्हाला वाटतं की प्रश्न दोनच: ‘तू फसवलंस का?’ किंवा गप्प बसणं. मधला रस्ता आहे आणि तो मालाबद्दल न बोलता कामाबद्दल बोलण्याचा. गर्दी नसेल तेव्हाची वेळ घ्या. कॅप समोर ठेवा आणि म्हणा, ‘अरे, दोनदा निघाली, पण तुटली नाही. सिमेंट कुठल्या बाजूला राहिलं होतं, बघून सांग ना. मधे आम्ही फेव्हिक्विक लावलं होतं, तेही सांगते. आणि मी मशेरी लावते.’ एवढं बोललात की तुमच्या बाजूने झाकलेलं काही उरत नाही, मग त्यालाही झाकायचं कारण राहत नाही. पुढे विचारा: दाढेची उंची पुरेशी आहे का? घालून बघितल्यावर कॅप आतून कशाने साफ करणार? मारा इथे करता येईल की लॅबला पाठवायची? सगळ्या दवाखान्यांत त्याचं यंत्र नसतं, त्यात कमीपणा नाही. कॅप लॅबला परत पाठवून मारा करून आणता येते, फक्त नंतर पुन्हा तोंडात घालून लाळ लागली तर सफाईचं द्रव्य वापरावं लागेल. दाढ कोरडी कशी ठेवणार, रबर डॅम लावता येईल का? खालच्या दाढेला, जिभेच्या आणि लाळेच्या शेजारी, रबराच्या त्या पडद्याइतका आधार दुसऱ्या कशाचा नाही. तो लावून अवघडल्यासारखं झालं तरी अर्धा तास सोसा.

उत्तरं ऐकताना त्याला सगळी रसायनं तोंडपाठ आहेत का हे पाहू नका. तो दाढेकडे आणि कॅपकडे नव्याने बघतोय का, ते पाहा. ‘मागच्या वेळी घाईत जुन्या सिमेंटवरच परत बसवली’ असं तो मोकळेपणाने म्हणाला तर त्याच्यावरचा भरवसा वाढायला हवा. ‘काकू, काही नाही, आणून द्या, दोन मिनिटांत लावतो’ असं म्हणाला तर मात्र हसून डबी परत पर्समध्ये ठेवा आणि खेडची गाडी पकडा. यजमानांच्या मैत्रीला त्याने काही होत नाही. तिसऱ्यांदा पडली तर मात्र मनात अढी बसेल.

वाट पाहण्याची एक मर्यादा आहे. दाढ उघडी राहिली की शेजारचे दात कलतात, समोरची दाढ खाली उतरू लागते, आणि मग हीच चांगली कॅप बसेनाशी होते. म्हणून गणपतीपर्यंत थांबू नका. बसवल्यावर निदान पहिला दिवस त्या बाजूने चिकट, कडक काही चावू नका. डॉक्टर ज्या सिमेंटने बसवेल त्याप्रमाणे तो जास्तही सांगेल. श्रीवर्धनची सुपारी तर त्या दाढेने कधीच फोडू नका, अडकित्ता कशाला आहे?

आणि पुढच्या दाताची कॅप: तिला हात लावू नका. नीट चिकटलेली कॅप काढायची म्हणजे कापूनच काढावी लागते, आणि दर वेळी खालचा दात थोडा जातो. कडेला काळी रेघ, फट, हलणं, हिरडीतून रक्त, यातलं काही नसेल तर साखरपुड्याला तीच शोभून दिसेल. साखरपुड्याआधी सफाई करून घ्यायची असेल तर खुशाल करा, फक्त सफाई करणाऱ्याला आधीच सांगा की पुढे सिरॅमिकची कॅप आहे. काही फ्लोराईड जेल आंबट असतात, ती पोर्सेलिनची चकाकी खातात. फ्लोराईड लावायचंच असेल तर न्यूट्रल सोडियम फ्लोराईडचं लावायला सांगा.